देवीला एक, नारळाला एक

"आबा, सगळ्यात खालची ओळ वाचा."

"त, म, ग, भ, ल, र." खुर्चीला टेकून, पाय हलवत, आबांनी पाढे म्हटल्यासारखी ओळ म्हणून दाखवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, चहा सांग. झाली तपासणी."

माझे यजमान, डॉक्टर उदयसिंह सरनोबत, हातातली पट्टी टेबलावर ठेवून वडिलांकडं बघत उभे राहिले. कोल्हापुरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू त्यांनी काढले होते. घरातला म्हातारा मात्र आज कुठं त्यांच्या हाताला लागला होता.

"तो तक्ता मी काल काढला, आबा. आता तिथं औषधवाल्यांचं कॅलेंडर आहे. गणपतीचं."

आबांचे पाय हलायचे थांबले. क्षणभरच. "मग गणपतीसमोर खोटं बोलवून घेतलंस होय माझ्याकडनं? शोभतं का तुला?"

मला हसू आवरेना. यजमानांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तोवर दोघांची जुंपली होती.

आबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर बरोबर मधोमध डाग पडला होता. कडेचं सगळं दिसायचं. दारातून कोण आलं, मांजर कुठून गेलं, सगळं. ज्याच्याकडं रोखून बघावं तेवढंच दिसायचं नाही. त्या काळी त्याला औषधही नव्हतं. गोष्ट सत्त्याऐंशी सालची आहे.

"काठी घ्या, चष्मा घ्या, काय हवं ते घ्या," यजमान म्हणत होते. "पण डिसेंबरात बंदुकांचं लायसन संपतंय, ते आता पुन्हा वाढवून घ्यायचं नाही. नेम धरायचा म्हणजे मधल्याच नजरेचं काम."

"जगाला दृष्टी देतोस आणि बापाच्या बंदुका काढून घेतोस!"

"उद्या कुणाला लागलं म्हणजे?"

"कुणाला लागायला मी काय लग्नाच्या वरातीत बार उडवतो?" आबा उठून उभे राहिले. "हे बघ डॉक्टर. तुझ्या तक्त्यावर माझा विश्वास नाही. आठवड्यावर खंडेनवमी आली. दरवर्षीसारखा गोळीनं नारळ फोडून दाखवतो. फुटला, तर पुन्हा बंदुकीचं नाव काढायचं नाहीस. चुकला, तर मी स्वतः तिन्ही बंदुका बंदूकवाल्याच्या दुकानात नेऊन देतो. देऊन येतो, आणि मागं वळून बघत नाही. कबूल?"

यजमानांना खात्री होती की नारळ चुकणार. ती खात्री त्यांना फार सुखाची नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"कबूल," ते म्हणाले.

"सूनबाई साक्षीला," आबा म्हणाले आणि चहा न घेताच निघाले. जाताना दाराकडं रोखून बघत गेले आणि चौकटीवरच खांदा आपटला. "चौकट कुणी सरकवली रे?" असं कंपाउंडरला दरडावून विचारत गेले.

आता साक्षीदार म्हणून मलाच का ओढलं, ते सांगायला हवं. माझं लग्नच मुळात एका बंदुकीमुळं जमलं.

मी सांगलीची. पुण्यात शिकत असताना मी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. का दिल्या, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सरनोबतांकडची मंडळी मला बघायला आली तेव्हा त्याचा उलगडा झाला. पोहे झाले, "विणकाम येतं का" झालं, मग आबांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला. बंदुकीच्या नळीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती, त्यात अक्षरं उठली होती.

"हे वाच बघू. आमच्यात कुणाला येत नाही."

मी वाचलं. एक शब्द नदीचा होता, एक पोलादाचा. मी आपलं धीटपणानं सांगितलं, "नदीचं पोलाद." पुढं मोठ्या शब्दकोशात बघितलं तेव्हा समजलं की ते कारखान्यात ओतून केलेल्या साध्या पोलादाचं नाव आहे, नदीचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. पण तोवर उशीर झाला होता. आबांनी सासूबाईंना सांगून टाकलं, "मुलगी पसंत." मुलाला कुणी विचारलंच नाही. आणि त्या दिवसापासून त्या बंदुकीचं नाव पडलं पंचगंगा.

आबांना जर्मन शिकारी बंदुकांचा नाद होता. संस्थानं गेली, शिकारखाने मोडले, सरदार-जहागीरदारांनी भिंतीवरचं एकेक उतरवून विकायला काढलं, तेव्हा लोक झुंबरं आणि खुर्च्या घेत होते, आबा बंदुका बघत हिंडत होते. विलायती बंदूक समोर असली तरी ते तिच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. "इंग्रजाची बंदूक म्हणजे साहेबाचा कोट. नुसती टापटीप. जर्मनाची बंदूक बघ. त्यानं त्यात अख्खं जंगल कोरलंय." खरंच कोरलेलं असायचं. ओकची पानं, पळणारं हरीण, सुळे काढलेला रानडुक्कर, त्याच्या मागं आखूड पायांचं कुत्रं. सासूबाई त्या कुत्र्याला शेवटपर्यंत मुंगूस म्हणायच्या.

लायसनवर तीनच बंदुका बसत. चौथी आवडली की तिघींतली एक देऊन टाकायची आणि मग दोन दिवस जेवायचं नाही, अशी त्यांची रीत. सासूबाई म्हणायच्या, "माझ्यावर सवत आणली असती तर एकीत भागलं असतं. ह्या बाबाला एका वेळी तीन लागतात." मात्र पंचगंगा आल्यापासून तिला कधी कुणी हलवलं नाही.

आणि ह्या बंदुका नुसत्या मिरवायला नव्हत्या. शिकारबंदी झाल्यापासून आबांनी जिवावर गोळी झाडली नाही, पण जुनी घमेली, फुटक्या कुंड्या, मळ्यातल्या दगडावर ठेवलेली खापरं, यांच्या बाबतीत अजिबात दयामाया नव्हती. "न उडवलेली बंदूक म्हणजे न गायलेला गवई," म्हणायचे.

ह्यांना सकाळपासून दवाखाना. मी घरात नवीन. दुपारी आबा बंदुका पुसायला बसायचे, मी शेजारी बसायचे. चिंधी, तेल, लांब सळई. तिथंच मी पंचगंगा शिकले. पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत झूल नावाच्या गावी घडवलेली. वर शेजारी-शेजारी दोन नळ्या छऱ्याच्या, खाली मध्ये एक नळी गोळीची. जंगलात समोर ससा येईल की डुक्कर, याचा नेम नाही, म्हणून जर्मनानं एकाच बंदुकीत दोन्ही सोयी करून ठेवलेल्या. दस्त्याच्या मानेवर एक छोटी पट्टी. ती मागं असली की पुढच्या चापानं उजव्या नळीतला छर्रा उडतो. ती अंगठ्यानं पुढं सरकवली की त्याच चापानं खालची गोळी उडते, आणि त्याच वेळी नळीच्या पाठीवर निजलेलं एक चिमुकलं पोलादी पान टुणकन उभं राहतं. त्या पानाच्या खाचेतून नेम धरायचा.

"पान उठलं की गोळी, पान निजलं की छर्रा," आबा म्हणायचे. "एवढं बघितल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. ही बंदूक हुशार आहे, पण ज्याला घाई आहे त्याला ती फसवते."

मला त्या घरात आपलं वाटायला लागलं ते ह्या दुपारींमुळं. म्हणून त्या आठवड्यात माझी फार ओढाताण झाली. नवऱ्याचं म्हणणं खरं होतं, हे मी आबांना ताटातली चटणी शोधताना रोज बघत होते. आणि तरी नारळ फुटावा असंच मला वाटत होतं.

खंडेनवमीला आम्ही सगळे मळ्यावर गेलो. गारगोटीच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत आमचा मळा आहे. ओसरीवर पाट मांडून त्यावर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर तिघीजणी ओळीनं निजवलेल्या, शेजारी एक जुनी तलवार, विळे, कोयते आणि आमच्या ह्यांच्या दवाखान्यातली शस्त्रक्रियेची पेटी. सासूबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली.

"नळीत फूल घालू नकोस हां," आबांनी दरवर्षीप्रमाणं ओरडून सांगितलं.

"घालत नाही. गेल्या तीस वर्षांत एकदा घातलं, तर मेलं जन्माचं ऐकवताय."

साक्षीला अजून एकजण होते. बारगीरचाचा. जंगलखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, आबांचे तरुणपणापासूनचे जोडीदार. दोघांनी मिळून तालुक्यातली सगळी फुटकी घमेली संपवली होती. नारळ टांगायचं काम दरवर्षी त्यांचं. बांधाच्या पलीकडं, ताल, म्हणजे शेताची दगडी पायरी, उतरून गेलं की एक जांभळीचं झाड होतं. तिच्या मागं डोंगराची सरळ उभी दरड. त्या जांभळीच्या खालच्या फांदीला काथ्यानं नारळ बांधला.

"यंदा जरा मोठा घेतलाय बघा, आबासाहेब," चाचा परत येऊन म्हणाले.

"का? मी काय आंधळा झालोय?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "तसं न्हवं वो. बाजारात बारीक मिळालाच न्हाई."

आमच्या घरची रीत ही की पंचगंगेच्या तिन्ही नळ्या भरायच्या. डावीकडचा छर्रा देवीला, आभाळात. खालची गोळी नारळाला. उजवीकडचा छर्रा कोल्ह्याला. म्हणजे कुणालाच नाही. तो उडवायचा नाही, तसाच काढून ठेवायचा. सगळं उडवून रिकाम्या हातानं घरी जाऊ नये, वाटेत कोल्हा भेटतो, असं आबांच्या आजोबांचं म्हणणं. मी कधी त्याचा अर्थ विचारला नाही. ह्या घरात फार अर्थ विचारले की पुसायला अजून एक बंदूक मिळते.

काडतुसं मी हातात दिली. छऱ्याची दोन कागदी, गोळीचं एक लांब पितळी. ती पितळी काडतुसं इथं कुठंच मिळत नसत. बंदुकीबरोबर आलेला एक डबा होता, त्यातलं वर्षाला एक निघायचं. आबांनी तिन्ही चाचपून जागच्या जागी बसवली. मी डाव्या हाताला उभी राहिले. यजमान उजवीकडं. सासूबाई ओसरीच्या पायरीवर, कानात बोटं घालून आधीपासूनच तयार.

देवीचा बार आभाळात गेला. पलीकडच्या शिवारातले बगळे उठले.

मग आबांनी पट्टी पुढं सरकवली. मी बघितलं. पान उभं राहिलं. दरवर्षी नारळाआधी ते बंदूक थोरल्या मुलाच्या, म्हणजे ह्यांच्या, हातात देऊन डोंगरावरच्या देवीच्या दिशेनं हात जोडतात, तसे जोडले. यंदा जरा जास्तच वेळ जोडले. मीही जोडले, आणि देवीला सांगितलं की बाई, ह्या म्हाताऱ्याचा एवढा एक नारळ बघ, मी तुला खण वाहीन.

डोळे उघडले तेव्हा बंदूक आबांच्या खांद्याला लागली होती. उजवा घोडा चढला होता. गाल दस्त्यावर टेकलेला. त्यांची मान जरा वाकडी झाली होती. कडेच्या नजरेनं नारळ कुठं दिसतोय का, ते चाचपत होते बिचारे. आणि माझं लक्ष नळीच्या पाठीवर गेलं.

पान निजलेलं होतं.

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते? "आबा, थांबा"? मग सगळ्यांना समजलं असतं की त्यांना समोरचं, नाकाखालचं पानसुद्धा दिसत नाही. पैज तिथंच संपली असती. नारळामागं सरळ दरड होती, छर्रा गेला तर कुणाला धोका नव्हता. मी एवढाच विचार केला आणि तोंड मिटलं.

बार झाला. नारळ फांदीवरून तुटून खाली पडला.

"लागला!" चाचा ओरडले. "लागला की वो, आबासाहेब!"

सासूबाईंनी कानातली बोटं काढली आणि देवीला हात जोडले. आबा मात्र हलले नाहीत. बंदूक खाली करून नुसते खांदा चोळत उभे होते.

"लागला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"लागला, आबा," यजमान म्हणाले. "तुम्ही जिंकलात."

चाचा नारळ आणायला ताल उतरून गेले. मी ह्यांना हाताला धरून गोठ्यामागं ओढलं.

"अहो, फार वाईट झालं," मी म्हणाले. "पान उठलेलं नव्हतं. छर्रा गेला. आबा पट्टी सरकवायची विसरले, आणि विसरले ते त्यांना समजलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणत होता ते खरंय. आता काय करायचं?"

ते खाली बघत म्हणाले, "विसरले नाहीत. पट्टी मी मागं घेतली. त्यांनी हात जोडले तेव्हा."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "तुम्ही? तुम्हालाच तर बंदुका घालवायच्या होत्या!"

"घालवायच्याच होत्या." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "काल संध्याकाळी गच्चीवर गेलो होतो. आबा कपडे वाळत घालायची काठी खांद्याला लावून पाण्याच्या टाकीवर नेम धरत होते. परत परत. मान अशी वळवून, तशी वळवून. मी पाठीमागं येऊन उभा राहिलो, तेही त्यांना कळलं नाही. मला बघवेना, सुनीती. डॉक्टर म्हणून मला समजतं की मी चूक केली. पण एक वर्ष जाऊ दे. पुढचं पुढच्या वर्षी बघू."

आमचे हे तापट नाहीत, पण भावना दाखवायची त्यांना सवयही नाही. मला त्यांच्याविषयी त्या क्षणी फार माया वाटली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि खरं सांगायचं तर एवढी आधी कधी वाटली नव्हती.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

सांगायची गरजच नव्हती. चाचा नारळ घेऊन आले तेव्हा त्यांनी तो उपरण्यात असा गुंडाळला होता की आतलं काही दिसू नये. "देतो मी फोडून," म्हणाले आणि थेट विहिरीवर जाऊन स्वतःच खोबरं काढायला बसले. ज्या माणसानं आयुष्यभर छऱ्याच्या जखमा ओळखल्या, त्याला काय न कळणार? त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

जेवणं झाली. मटण उत्तम झालं होतं आणि कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. शेवटी प्रसादाचं खोबरं वाटलं. सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि कडाक् असा आवाज आला.

सगळे थांबले.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

सासूबाईंनी तोंडातून काहीतरी काढलं. तळहातावर शिशाचा बारीक, चपटा झालेला दाणा. त्यांनी तो बघितला, मुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चाचा छताकडं बघत होते. बंदुकीतलं काही न समजणाऱ्या, कुत्र्याला मुंगूस म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंनी मूठ मिटली.

"काही नाही. करवंटीचा तुकडा," त्या म्हणाल्या. "नीट खोबरं काढत नाहीत मेली ही पुरुष माणसं."

आबांनी मान हलवली आणि आपलं खोबरं फार सावकाश, दातांनी चाचपत खाल्लं.

उन्हं जरा उतरल्यावर त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. "ये, पंचगंगा पुसू."

घोंगडीवर मी तेल, चिंध्या मांडल्या. आबांनी बंदूक मांडीवर घेतली आणि मधोमध मोडून उघडली. दोन्ही कागदी काडतुसं त्यांनी नखानं ओढून काढली. दोन्ही रिकामी. बाहेर काढून शेजारी ठेवली. मग खालचं पितळी काढलं. ते जड होतं, अख्खं होतं. गोळी आपल्या जागी शाबूत.

आमच्यातल्या कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. छर्रा उडाला की गोळी मागं राहणार! तीन नळ्यांची बंदूक, तिच्यात लबाडी करायची तर तीनही नळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

आबांनी पितळी काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवला. उडालेल्या काडतुसाच्या बुडाला खाच पडते. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

"माझा अंगठा जाड झालाय. तू बघ. खूण आहे?"

"आहे, आबा."

ते हसले. मोठ्यानं नाही. "गोळी तर तशीच आहे गं बाहेर डोकावत. अंगठा जाड झालाय, पण इतका नाही. सगळं शिकलीस, खोटं बोलायला काही नीट शिकली नाहीस."

मी मान खाली घातली.

"मला बार झाला तेव्हाच समजलं होतं," ते म्हणाले. "गोळीचा धक्का ढोपर मारल्यासारखा असतो. छऱ्याचा ढकलल्यासारखा. म्हटलं, बघू घरातलं कोण सांगतंय. कुणी सांगितलं नाही. चाचानं नारळ लपवला, हिनं छर्रा लपवला. माझ्याही तोंडात एक आला होता, मी गिळला." त्यांनी काडतूस घोंगडीवर ठेवलं. "पान निजलेलं होतं?"

"हो."

"तुला दिसलं?"

"दिसलं."

"मला नाही दिसलं, सुनीती." त्यांनी मला नावानं हाक मारली होती, जी ते कधी मारत नसत. "नारळ नाही दिसला, त्याचं मला काही नाही. म्हटलं असतं हात हलला, वारा होता, काडतूस जुनं निघालं. मी हजार सबबी काढून ठेवल्या होत्या. पण पान? डोळ्यापासून वितीवर असतं ते. ते उठलेलं की निजलेलं हे ज्याला दिसत नाही, त्यानं बंदूक खांद्याला लावू नये. हे मीच तुला शिकवलंय."

मला रडू यायला लागलं. नारळ चुकला असता तर ते भांडले असते, रुसले असते, दोन दिवस जेवले नसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा हट्ट धरला असता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जिंकवलं आणि त्यात ते हरले.

हे दारातच उभे होते. कधी आले मला समजलं नाही. "आबा, पट्टी मी सरकवली," ते म्हणाले. "मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला कळलं रे." आबांनी हात पुढं केला आणि हवेत मुलाचा हात शोधून धरला. "तुझ्या तक्त्यानं जे मला पटलं नाही ते तुझ्या लबाडीनं पटलं. चांगला डॉक्टर आहेस. नाटक मात्र करू नकोस, सरनोबतांच्या रक्तात नाही ते."

मग एकदम आवाज चढवून ते म्हणाले, "आता ह्या गोळीचं काय करायचं? देवीच्या नावानं डब्यातनं काढलीय. परत डब्यात कशी ठेवू? चाचा! अहो चाचा! दुसरा नारळ टांगा."

"दुसरा कुठला?" सासूबाई आतून म्हणाल्या. "एकच आहे, माझ्या वाटणाचा."

"तोच दे."

"घ्या. फोडलात तर बरंच, मला खोवायचाच आहे. पण ह्यात छर्रे नकोत."

आम्ही पुन्हा बांधावर गेलो. चाचांनी नारळ टांगला. आबांनी पितळी काडतूस मला भरायला लावलं आणि बंदूक माझ्या हातात दिली. मी तोवर हजारदा पुसली होती ती, पण खांद्याला कधी लावली नव्हती.

"मी?" मी विचारलं.

"मग काय तुझी सासू? पट्टी सरकव."

मी सरकवली.

"पान?"

"उठलं."

"नीट बघून सांग."

"उठलंय, आबा. सरळ उभं आहे."

ते माझ्या मागं उभे राहिले. खांद्याला दस्ता घट्ट लावायला सांगितला, श्वास अर्धा सोडून धरायला सांगितला. "चाप ओढायचा नाही. लिंबू पिळल्यासारखा दाबत जायचा." खाचेत पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक मणी, आणि माशीवर नारळ. सासूबाई पुन्हा कानात बोटं घालून बसल्या होत्या. मी दाबत गेले.

खरंच ढोपर मारल्यासारखा धक्का बसला. डोंगरावरून आवाज परत आला. मी डोळे उघडले. नारळ जागच्या जागी लटकत होता.

चाचांनी तोंड उघडलं, सवयीनं. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सूनबाईला सांगू दे," ते म्हणाले. "लागला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते नारळाकडं बघतच नव्हते. माझ्याकडं तोंड करून, मान जरा कलती करून, माझा आवाज ऐकायला उभे होते.

"नाही, आबा. चुकला. हातभर वरून गेली गोळी, थोडी उजवीकडं. जांभळीची एक डहाळी तुटली. ती खालच्या फांदीत अडकलीय, पानं अजून हलतायत. मागं दरडीतनं थोडी लाल माती घसरली. नारळ तसाच आहे. आणि माझा खांदा दुखतोय."

आबांचा चेहरा असा उजळला, जसा त्या आठवड्यात मी एकदाही बघितला नव्हता.

"आत्ता दिसलं मला," ते म्हणाले. "उदय, लायसनचा अर्ज हिच्या नावानं कर."